चौकोनी नकाशा आणि सगुणाबाईचा कोपरा

माझा धंदा नेमका कोणता, हे माझ्या व्याह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी विचारलं, "आपण करता काय?" मी म्हटलं, "लोकांना घरं बांधायच्या परवानग्या काढून देतो." "म्हणजे वकील?" नाही. "इंजिनियर?" तेही नाही. "मग कचेरीत नोकरीला?" मी म्हटलं, "कचेरीत नाही, कचेरीच्या आवारात." एवढं झाल्यावर त्यांनी विषय बदलला आणि मुलीला स्वयंपाक काय काय येतो ते विचारलं.

या अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. माझं आयुष्यभराचं लिखाण सरकारी फायलींत पडलेलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक पानावर कोर्टफीचं तिकीट चिकटवलेलं आहे. तिकीट न लावता लिहायची माझ्या हाताला सवय नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती फायलीत आहे तशी घडली नाही. ती सांगायची म्हणून हा खटाटोप.

नाशिकच्या कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, माझं टेबल असे. १९३०च्या पुढची दहाएक वर्षं मी तिथं बसलो. पाटीवर "नकाशे व अर्ज" एवढंच लिहिलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, घर म्हणजे विटा, चुना आणि गवंडी. तसं नसतं. घर आधी कागदावर उभं राहतं आणि कित्येकदा कागदावरच पडतं. शेताची जमीन असेल तर तिथं घर बांधायला कलेक्टरकडून बिनशेतीची परवानगी लागते. ती सनद मिळाली की तिच्या पोटात अटी असतात. जागा फक्त राहण्यासाठीच वापरावी, दुकान काढू नये, कारखाना काढू नये, रस्त्यापासून इतके फूट सोडून बांधावं. या अटी बदलून घ्यायच्या तर पुन्हा अर्ज. तो अर्ज मामलेदाराकडे जातो, तिथून तलाठ्याकडे उतरतो, जागेवर पंचनामा होतो, चावडीवर नोटीस लागते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवतात आणि मग प्रांतसाहेब जागा पाहून हो किंवा नाही म्हणतात. या सगळ्या वाटेवर अर्जाचं बोट धरून चालणं हा माझा धंदा.

माणसं मोठी मजेची भेटत. एक निवृत्त शिरस्तेदार होते. त्यांनी बंगल्याचा नकाशा मंजूर करून घेतला, आणि मग त्यांच्या ज्योतिषानं सांगितलं की संडास चुकीच्या दिशेला आहे. नकाशा बदलला. मग दुसऱ्या ज्योतिषानं दुसरी दिशा सांगितली. असं करत ते पाचव्यांदा आले, तेव्हा मी हात जोडून म्हटलं, "काकासाहेब, प्लॉट चौकोनी आहे. आता कोपरे संपले." ते रागावले, पण संडास बांधून झाला.

दुसरे एक तपकिरीचे व्यापारी. राहत्या घरात माल साठवायला मनाई होती, म्हणून त्यांनी माझ्या नकळत नकाशातल्या साठवणीच्या खोलीवर "देवघर" असं लिहवून घेतलं. देवघरात कोण शिरणार, असा त्यांचा हिशेब. पाहणीला आलेला सर्कल इन्स्पेक्टर नेमका देवभोळा निघाला. त्यानं चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि दर्शन घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाला. दार उघडलं, तो आत वाकला आणि जो शिंकायला लागला तो पंचनामा पुरा होईपर्यंत थांबला नाही. तेव्हापासून खोल्यांची नावं मी स्वतःच्या हातानं लिहायला लागलो.

माझा एक नियम होता. हरकत कचेरीत पोचण्याआधी आपण हरकतदाराच्या घरी पोचायचं आणि त्याच्याकडे चहा प्यायचा. ज्यानं आपल्याला चहा पाजला तो आपल्याविरुद्ध कडक भाषेत लिहीत नाही. हा नियम मी एकदाच मोडला, आणि तो सगुणाबाईच्या कामात.

आज नाशिकच्या द्वारका चौकात मोटारींची गर्दी असते. तिथून नाशिक रोडकडे थोडं पुढं गेलं की तेव्हा नुसती शेतं होती. त्यातलं एक शेत सगुणाबाईच्या नवऱ्याचं, तुकारामाचं. नाशिक रोडला सरकारी नोकरीत असलेल्या काही कारकुनांनी मिळून ते घेतलं आणि घरांसाठी त्याचे बारा प्लॉट पाडले. अकरा कारकुनांचे. बारावा म्हणजे शेताचा रस्त्याकडचा कोपरा, तिथं तुकारामाचं घर आणि विहीर होती. तो त्यानं विकला नाही. नकाशा मी काढला, बिनशेतीचा अर्जही मीच लिहिला. वसाहत उभी राहिली. तुकाराम पुढं दोन वर्षांनी वारला आणि सगुणाबाई त्या कोपऱ्यात एकटी राहिली.

ती लोकांची दळणं दळायची. जातं तिचं, दाणे गिऱ्हाइकाचे. वसाहतीतल्या आठ घरांचं पीठ तिच्या जात्यातून निघे. ज्वारी, बाजरी, सणासुदीला गहू. माझ्या बायकोच्या मते तसं मऊ पीठ अख्ख्या नाशकात दुसरीकडे मिळत नव्हतं.

एक दिवस ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि ती तो डाव्या हातानं ओढत होती. उजवा हात अंगाला चिकटलेला.

"नाना, मला गिरनी टाकायची हाय. पिठाची."

"कुठं?"

"माझ्या कोपऱ्यात. दुसरी कुठं जागा हाय मला?"

तिच्याबरोबर उस्मानभाई होते. मालेगावकडच्या कापसाच्या एका जिनात त्यांनी बरीच वर्षं इंजिन चालवलं होतं आणि आता मळ्यांतली पंपाची इंजिनं दुरुस्त करत. त्यांच्याकडं एक जुनं तेलाचं इंजिन होतं, पण ते बसवायला जागा नव्हती. सगुणाबाईकडं जागा होती, पण खांदा गेला होता. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. डावा हात किती दिवस पुरणार?

"खांदा पुरता बसला तर सायखेड्याला भावाकडं जावं लागंल," ती म्हणाली. "भावजय भाकर देईल, पन ती कशी देईल ते मला ठावं हाय. त्यापरीस हितं काय तरी करते."

मी फायलीतून वसाहतीच्या सनदेची नक्कल काढली. अट तिथंच होती: बाराही प्लॉट फक्त राहण्यासाठी, कोणतंही दुकान, कारखाना, गिरणी करू नये. बाराही. आणि खाली नकाशा काढणाराची सही, माझी.

कोपरा त्या नकाशात घ्यायची काहीएक गरज नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो तुकारामानं विकलेलाच नव्हता. तो वगळला असता तर त्याला ही अट लागलीच नसती. पण वगळला असता तर नकाशाला एका बाजूला खाच पडली असती, वेगळी मोजणी करावी लागली असती, आणि कचेरीतल्या कारकुनानं "हे काय वाकडंतिकडं?" म्हणून तो परत पाठवला असता. मी तुकारामाला सांगितलं होतं की सगळं एकात घेऊ, तुझ्याही घराला सनद मिळेल. त्यानं अंगठा दिला. नकाशा कसा सुरेख चौकोनी झाला होता! मामलेदारांनी शाबासकी दिल्याचंही मला आठवलं.

"जागा माझी, इंजिन उस्मानभाईचं, दळन बायांचं," सगुणाबाई म्हणाली. "मग यात सरकारचं काय हाय?"

"सनदेत अट आहे," मी म्हटलं. "गिरणीला मनाई आहे."

"कुनी घातली अट?"

"सरकारनं."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मला तिच्यासमोर सांगायची लाज वाटली. मी एवढंच म्हटलं की अट सैल करून मागता येते, अर्ज मी लिहितो आणि तुमच्याकडून मला काही नको. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, पण का म्हणून विचारलं नाही.

मी जीव ओतून नकाशा काढला. गिरणीची खोली रस्त्याच्या बाजूला, घरांपासून शक्य तितकी लांब. इंजिनाचा पाया भिंतींपासून वेगळा, म्हणजे हादरा जमिनीतून घरांत जाणार नाही. धुराची नळी जमिनीखालून नेऊन खड्ड्यात सोडायची, म्हणजे आवाज दबेल. उस्मानभाईंना ही शेवटची गोष्ट मुळीच पसंत पडली नाही. गिरणीवाल्यांची रीत अशी की नळीच्या तोंडावर मडकं बसवायचं. मग इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला ते कुक कुक करतं आणि गावभर कळतं की गिरणी चालू आहे.

"नानासाहेब, आवाज दाबला तर गिऱ्हाइकाला कळणार कसं?" ते कळवळून म्हणाले. "ती तर आपली दवंडी हाय! मुकी गिरनी कोन चालवतं?"

"आधी परवानगी मिळू द्या, मडक्याचं मग बघू."

"मग बघू म्हंजे नाहीच ना?"

या नकाशाच्या नादात मी माझा नियम विसरलो. शेजाऱ्यांकडे चहाला गेलोच नाही. नोटीस लागल्याच्या चौथ्या दिवशी तलाठ्यानं हाक मारून मला हरकतीचा कागद दाखवला. नऊ सह्या. सगळ्यांत वर, वळणदार अक्षरात, गोविंदरावांची.

गोविंदराव नाशिक रोडला हेडक्लार्क होते. माणूस सरळ, वक्तशीर आणि आपल्या वसाहतीवर जीव असलेला. रस्त्याकडेची झाडं त्यांनी स्वतः लावली होती. कागदात त्यांनी मुद्दे घातले होते: आवाज, धूर, आगीचं भय, परक्या माणसांची वर्दळ आणि शेवटी वसाहतीचा दर्जा. भाषा कडक होती. चहा न पाजलेल्या माणसाची भाषा.

मी उशिरानं का होईना त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आदरानं बसवलं.

"नाना, तुम्हीच सनद काढून दिलीत, आणि तुम्हीच ती मोडायला निघालात?" ते म्हणाले. या वाक्यानं मी अर्धा खचलो.

"त्या बाईचा खांदा गेलाय, गोविंदराव."

"वाईट झालं. पण दळणाला दुसरी कोणीतरी मिळेल. आज गिरणी आली की उद्या किराण्याचं दुकान येईल, परवा हॉटेल. मग आम्ही गावातली गल्ली सोडून इथं आलो कशाला?"

त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, चहा ठेवून गेल्या. त्यांच्या तळहातांना नवे फोड आलेले मला दिसले. सगुणाबाईचा हात थांबल्यापासून दळण घरोघरी परत गेलं होतं, हे मला कपबशी हातात घेतल्यावर उमगलं. गोविंदरावांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण पहाटेची जात्याची घरघर त्यांच्या कानाला इतकी सवयीची होती की तो आवाज ते आवाजात धरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडून बाराही प्लॉटांचे उतारे मागवले. हरकत प्लॉटच्या मालकानं घ्यायची असते, म्हणून मालकांची नावं ताडून पाहावीत, एवढ्यासाठीच. पाहतो तर काय! नऊ हरकतदारांपैकी सहा जणांच्या नावावर प्लॉटच नव्हते. ते त्यांच्या बायकांच्या नावावर होते.

नोकरदारांत ही रीतच होती. सरकारी नोकरानं जमीनजुमला घेतला की वरिष्ठांना कळवावं लागे, मग प्रश्न येत, मग उत्तरं द्यावी लागत. त्यापेक्षा बायकोच्या नावानं घेतलं की सगळं शांत. खरेदीच्या दिवशी बायकोनं एक सही करायची किंवा अंगठा द्यायचा, आणि पुढं जन्मभर प्लॉट "आमचा". इतका आमचा, की हरकतीवर सही करताना या सहा हुशार कारकुनांपैकी एकालाही आठवलं नाही की आपण मालक नाही. गोविंदरावांच्या प्लॉटवर नाव होतं, यमुनाबाई भ्रतार गोविंदराव.

हाती हुकमाचं पान आलं होतं, पण ते खेळायची मला भीती वाटली. लेखी अर्जात हे मांडलं तर हरकती उडाल्या असत्या, पण कुणीतरी तो कागद नाशिक रोडला पोचवला असता आणि सहा जणांच्या मागे चौकशी लागली असती. एका चुकीची भरपाई म्हणून मी दुसरी करायला तयार नव्हतो. मी उतारे फायलीच्या तळाशी ठेवले आणि गप्प बसलो. पाहणीच्या आदल्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, अर्ज गेला. सगुणाबाईनं विचारलं, "काय व्हईल?" मी म्हटलं, "बघू." तिनं ओळखलं असावं. ती घरातलं किडुकमिडुक आवरायला लागली होती, असं उस्मानभाई म्हणाले.

पाहणी सकाळी अकराला होती. प्रांतसाहेब सगुणाबाईच्या बोरीखाली बसले. खुर्ची आली ती गोविंदरावांच्या घरून, चहा आला तोही तिथूनच. माझाच नियम माझ्यावर उलटला होता. एका बाजूला नऊ हरकतदार, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. समोरच्या घरांच्या दारांआडून बायका बघत होत्या.

साहेबांनी जागा पाहिली, पाया कुठं ते विचारलं, नळी कुठून ते विचारलं. मग हरकतीचा कागद हातात घेऊन ते तलाठ्याला म्हणाले, "एकेकाचा नंबर वाच आणि मालक सांग." साहेबांचा रिवाजच तसा असावा.

"प्लॉट नंबर चार," तलाठी वाचू लागला, "मालक यमुनाबाई भ्रतार गोविंदराव."

"आणि ही सही?"

"गोविंदरावांची, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. गोविंदराव घाईघाईनं पुढं झाले. "साहेब, माझी हरकत तीच तिची."

"प्लॉट त्यांचा आहे. तेव्हा त्यांची असेल तर ती तुमची, असं म्हणा," साहेब म्हणाले. "त्यांना विचारा."

तेवढ्यात समोरचं दार थोडं उघडलं आणि यमुनाबाई उंबऱ्यात आल्या. पदर पुढं ओढलेला, पण आवाज स्वच्छ. "मला सांगायचं आहे."

"नाव?"

"यमुनाबाई."

"भ्रताराचं नाव?"

यमुनाबाई थांबल्या. नवऱ्याचं नाव त्या घेणार कशा? आमच्या पिढीतल्या बाईनं ते उखाण्यातच घ्यायचं, तेही लग्नात आणि हळदीकुंकवाला. तलाठी लेखणी वर धरून बसला.

"नोंदीतल्या यमुनाबाई त्या ह्याच, हे कुणीतरी सांगायला हवं," साहेब म्हणाले. "ओळख पटल्याशिवाय मला जबाब घेता येणार नाही. कोण सांगतं?"

मी सांगितलं असतं, पण मी अर्जदाराचा माणूस. हरकतदारांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता. गोविंदराव "ही ती नव्हे" म्हणू शकत नव्हते, आणि "हीच ती" म्हटलं की बाईला बोलायची वाट मोकळी. माझ्या मनात तेव्हा त्यांच्याविषयी नुसती दया होती. पण सरळ माणूस सरळच राहतो. ते म्हणाले, "माझीच पत्नी आहे, साहेब."

"हं. बोला बाई."

"गिरणीला माझी हरकत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "पण एक लिहून घ्या. सकाळी आठाच्या आत ती सुरू करू नये."

"ते का? आवाज होतो म्हणून?"

"आवाजाचं काही नाही. लवकर सुरू झाली तर घरातून पहाटेच ताजं पीठ आणायला सांगतील. इथं येण्याआधी वीस वर्षं पहाटे जात्यावर बसले, आणि आता पुन्हा बसते आहे. आता मला थोडं झोपायचं आहे."

उस्मानभाई मोठ्यानं हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. नंबर पाचच्या, सातच्या, नऊच्या बायका एकेक करून उंबऱ्यात आल्या. प्रत्येक वेळी तलाठी भ्रताराचं नाव विचारी, प्रत्येक वेळी बाई गप्प होई, आणि प्रत्येक वेळी एकेक हरकतदार खाली मान घालून म्हणे, "माझीच, साहेब." सहापैकी सहाही जणींनी आठ वाजताची अट घातली. सगुणाबाई बोरीच्या बुंध्याला टेकून हे सगळं बघत होती आणि डाव्या हातानं डोळे पुसत होती.

प्लॉट बायकांच्या नावानं का घेतले, हा प्रश्न साहेबांनी विचारलाच नाही. का विचारला नाही ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. कचेरीतली चहाटळ मंडळी म्हणत की पुण्याला साहेबांचा बंगला आहे आणि त्याच्या फाटकावर बाईसाहेबांचं नाव आहे. खरंखोटं देव जाणे.

महिन्याभरात हुकूम आला; उरलेल्या तीन हरकती साहेबांनी फेटाळल्या होत्या. एका खोलीपुरती गिरणी, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, नळी जमिनीखालून. मडक्याबद्दल हुकमात काही नव्हतं. उस्मानभाईंनी दोन आठवडे दम धरला आणि मग एक लहानसं मडकं बसवलंच. कुणी हरकत घेतली नाही. थोड्या दिवसांनी गोविंदराव सायकलच्या मागं डबा बांधून आलेले मला दिसले. मला पाहून ते म्हणाले, "मागच्या वेळी पीठ जरा जाड आलं होतं." आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

गोविंदराव साफ चुकीचे नव्हते, हे मला लिहिलं पाहिजे. गिरणीमागोमाग किराण्याचं दुकान आलं, मग शिंपी आला, मग सायकलवाला. प्रत्येकानं गिरणीचा दाखला देऊन अर्ज केला आणि त्यातले दोन अर्ज मीच लिहिले. गोविंदरावांची झाडं रस्ता रुंद करताना गेली. त्या झाडांचं मला अजूनही वाईट वाटतं. पण गिरणीचं कधी वाटलं नाही.

गिरणी सुरू होऊन महिना झाला असेल. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिकडं गेलो. सगुणाबाई पिठानं पांढरी झाली होती आणि चेहऱ्यावर तजेला होता. उस्मानभाई बाहेर इंजिनाला तेल घालत होते. मनातलं मनात ठेवणं मला आता जड झालं होतं. मी म्हटलं, "सगुणाबाई, एक सांगायचं राहिलंय. ती अट सरकारनं आपणहून नव्हती घातली. तुमचा कोपरा नकाशात मी घेतला. घ्यायची गरज नव्हती. माझ्यामुळं तुम्हाला हा सगळा त्रास झाला."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"तवापासून. तुमी साखळी टाकून जमीन मोजत व्हता. मी मालकांची भाकर घेऊन बांधावर उभी. तुमी तलाठ्याला म्हनला, येवढा कोपरा आत घेऊ, म्हंजे नकाशा चौकोनी दिसंल. मला लय राग आला व्हता. पन मालक हो म्हनले, मग मी काय बोलनार?"

मी असं बोललो होतो याची मला आठवणसुद्धा नव्हती. "मग माझ्याकडंच कशाला आलात?" मी विचारलं. "कचेरीत अर्ज लिहिणारे इतके बसतात."

"दुसऱ्यानं अर्ज लिवला असता अन् मोकळा झाला असता," ती म्हणाली. "तुमी कागद वाचला अन् तोंड उतरलं तुमचं. तवाच मी उस्मानभाईला म्हनलं, हा मानूस आता काम अर्ध्यात सोडनार नाय."

इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, पण मला कुणी असं वाचलं नव्हतं. मी नुसताच उभा राहिलो. तिनं कुणाचा तरी बाजरीचा डबा पायानं माझ्याकडं सरकवला आणि गिरणीत दाणे ओतायच्या उंच लाकडी पेटीकडं बोट केलं.

"उभेच हाय तर येवढा डबा वर ओता. माझा हात अजून तितका वर जात नाय."

मी कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि डबा उचलला.